कुठल्याही नळाला बसणारी मूठ

गोष्ट नळाची आहे, म्हणून सुरुवात अंगठ्यापासून करावी लागेल.

शैलजाबाई बोधनकरांचा उजवा अंगठा गेल्या पावसाळ्यात बुडाशी सुजला. मग डाव्यानं त्याची नक्कल केली, आणि संक्रांतीपर्यंत अशी वेळ आली की जबलपूरच्या चेरीतालातल्या स्वतःच्या घरात त्यांना एकही नळ स्वतः उघडता येईना. घरात नळ सात. सातही जुन्या घाटाचे, पितळी, मुंडी फिरवायचे. आणि सातही मुरलीधर बोधनकरांनी असे आवळून ठेवलेले की थेंबाची गळायची बिशाद नव्हती. मुरलीधरांची छत्तीस वर्षं फॅक्टरीत, तोफेच्या सुट्या भागांची मापं तपासण्यात गेली होती. घट्ट बसलेली प्रत्येक गोष्ट चांगली असते, ही त्यांची नोकरीतली समजूत त्यांनी संसारातही आणली होती.

आता पोळ्या करता करता शैलजाबाई हाक मारत, "अहो, नळ." मुरलीधर पेपर ठेवून उठत, नळ उघडत, परत येऊन बसत. "अहो, नळ." उठत, बंद करत. दिवसातून साठ वेळा. ते एकदाही कुरकुरले नाहीत, आणि नेमकं तेच शैलजाबाईंना सहन होईना. आपल्याच घरात पाणी मागावं लागणं एक वेळ ठीक. पण मागितल्यावर समोरच्यानं ते इतक्या समजूतदार चेहऱ्यानं द्यावं, हे फार होतं.

एप्रिलच्या सुरुवातीला बंगळुरूहून ऋचाचा, म्हणजे मुलीचा, फोन आला. "आई, इथे नळाखाली हात धरला की पाणी येते. काढला की बंद. फिरवायचं काहीच नाही. मी पंधरा मेला येऊन राहिली तुला घ्यायला."

"किती दिवस?" मुरलीधरांनी मधेच विचारलं.

"दिवस काय बाबा. आता राहूच द्या नं तिला इथे."

"बघते," शैलजाबाई म्हणाल्या. मुरलीधरांना वाटलं, नाही म्हणाली असती तर बरं. 'जाऊ नकोस' हे दोनच शब्द होते, पण एकेचाळीस वर्षांत त्यांनी असलं काही तोंडानं म्हटलेलं नव्हतं. आता एकदम म्हणायचं तर घशाला सराव नको का. ते अडगळीच्या खोलीत गेले, व्हर्निअर काढला आणि सातही नळांच्या मुंड्या मोजून आले.

सात नळ, सात मापं. कुठल्याही मुंडीवर चढेल, तीन जबड्यांनी तिला धरेल, बाहेरचं एक कडं फिरवलं की तिन्ही जबडे एकदम आवळतील, आणि लांब दांडा असा की कोपरानं ढकलला तरी नळ उघडेल, अशी मूठ त्यांनी त्याच दुपारी कागदावर काढली. कागदावर ती फार सुंदर होती. पुष्कळ गोष्टी असतात.

समोरच्या घरात बापूसाहेब राहत. रेल्वेत सिग्नल खात्यात होते. निवृत्त झाले तरी कोणाला जाऊ द्यायचं नि कोणाला थांबवायचं हे गल्लीत तेच ठरवत. त्यांनी कुंपणावरून विचारलं, "काय करून राहिले, मुरलीधरभाऊ?"

"मूठ करून राहिलो."

बापूसाहेब दोन पावलं मागे सरले. "कोणावर?"

आता मूठ छत्रीलाही असते आणि मूठ मंतरून शत्रूवर मारतातही. बापूसाहेबांना दुसरीच आधी आठवली, यात त्यांच्या मनाचा दोष नाही, चेरीतालच्या दुपारचा आहे. संध्याकाळपर्यंत तीन घरांच्या दारावर लिंबू-मिरच्या लटकल्या. खुलासा झाल्यावर बापूसाहेब हसले आणि म्हणाले, "एवढंच? अहो, दांड्याचे नळ बाजारात भेटते नं. सात आणा, लावून टाका."

मुरलीधर त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. विकत आणलेल्या नळासाठी शैलजा थांबली, तर ती नळासाठी थांबली. हा बारकावा सिग्नल खात्यातल्या माणसाला समजावणं शक्य नव्हतं.

पहिली मूठ लाटण्याच्या लाकडाची झाली. ती पाण्यानं फुगली आणि नळाला अशी चावली की करवतीनं कापावी लागली. दुसरी प्लास्टिकची, सायकलच्या क्लिपा लावलेली; ती दुपारच्या उन्हात तापून गाजराच्या हलव्यासारखी बसली. तिसरी ॲल्युमिनियमची. ती भक्कम होती. इतकी, की नळाची मुंडीच तिच्यासोबत हातात आली, आणि अर्ध्या तासात स्वयंपाकघरात घोट्यापर्यंत पाणी झालं. शैलजाबाई ओट्यावर पाय वर घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "चलो, चेरीतालात ताल तरी आला."

चेरीतालचं तळं कधीच बुजलेलं, म्हणून हे त्यांनी हसून म्हटलं होतं. पण ते ऐकल्यावर मोरीच्या जाळीतून पाणी जे गडगडत खाली गेलं, त्याचा आवाज पाणी नालीत पडल्यासारखा नव्हता. खोल, मोकळ्या पाण्यात पाणी पडावं तसा होता. मुरलीधरांनी तो ऐकला, आणि त्याला माप नसल्यामुळे सोडून दिला.

चौथी मूठ पितळेचीच हवी, असं ठरलं. अधारतालला मोठ्या रस्त्यावरच्या दुकानांमागे रामसनेही ताम्रकार पितळेचं ओतकाम करी. मुरलीधरांनी नकाशा त्याच्यापुढे पसरला. आणि इथे, मंडळी, भाषेनं घात केला.

स्क्रूला जे असतात त्यांना आपण आटे म्हणतो. तरुणपणी मुरलीधरांनी एका खराद्याला, म्हणजे लेथवाल्याला, सांगितलं होतं, "भैया, इसके आटे ढीले हैं," आणि त्या भल्या माणसानं त्यांना पिठाच्या गिरणीचा पत्ता दिला होता. तेव्हापासून ते हिंदीत बोलताना आटे कटाक्षानं टाळत. हिंदीत त्याला चूडी म्हणतात. आता नव्या चालीच्या बारीक आट्यांना पकड नसते. कड्याला आतून जुन्या पद्धतीचे जाड आटे हवे होते. म्हणून मुरलीधर अतिशय शुद्ध आणि सावध हिंदीत म्हणाले, "देखो रामसनेही, इसमें चूड़ी पुरानी डालना. नई नहीं चलेगी."

रामसनेहीनं मान वर केली. "पुरानी डारें, बाबूजी?"

"पुरानी. मोटी. थोड़ी घिसी हुई हो तो भी हर्ज नहीं."

रामसनेहीनं हातातला चिमटा खाली ठेवला. मग म्हणाला, "धरी तो हैं घर में. घरवाली से पूछ कै डार देंगे."

आट्यांसाठी बायकोला काय विचारायचं, असं मुरलीधरांना वाटलं खरं. पण चांगला कारागीर जुनी हत्यारं घरात जपून ठेवतो, असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि उलट आनंदच मानला.

आठ दिवसांनी मूठ मिळाली. नकाशाप्रमाणे वजन सहाशे दहा ग्रॅम यायला हवं होतं. भरलं आठशे वीस. आटे मात्र नव्याच चालीचे, बारीक. ते बोलणार होते, पण मूठ हातात घेतली नि ती कोमट लागली. भट्टीजवळची वस्तू गरम असणारच. घरी येईपर्यंत, पंचेचाळीस मिनिटं स्कूटरच्या हँडलला पिशवीत लटकून, ती तेवढीच कोमट होती. आणि पिशवीत एकच वस्तू असून रस्ताभर अनेक वस्तू एकमेकींवर घसरल्यासारख्या वाजत होत्या.

स्वयंपाकघरातल्या नळावर मूठ चढवली. कडं आवळायला त्यांनी हात नेला, तर जबडे आधीच बसले होते.

"ढकल," ते म्हणाले.

शैलजाबाईंनी कोपर लावलं. नुसतं लावलं. दांडा लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरला आणि पाणी आलं. त्यांनी तो बंद केला. परत उघडला. असं अकरा वेळा केलं. मग म्हणाल्या, "चांगली वजनदार झाली हो." मुरलीधर मागच्या अंगणात जाऊन दोरीवर वाळत घातलेल्या पंच्याकडे बराच वेळ बघत उभे राहिले. तो दिवस त्यांच्या आयुष्यातला शेवटचा निर्धास्त दिवस होता, असं म्हणायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी ते स्वयंपाकघराच्या नळावर दाढीचा मग भरायला गेले. नळ उघडा टाकून ते गालाला साबण लावत असताना दांडा खट्कन फिरला आणि पाणी बंद झालं. त्यांनी उघडला. खट्. पुन्हा उघडला, तर या खेपेला दांडा बंद होताना त्यांच्या बोटांच्या पेरांवर बसला. लागलं थोडंच. पण शाळेत मास्तरांची पट्टी जशी लागे तसं, मापून.

"काय होऊन राहिलं?" शैलजाबाईंनी विचारलं.

"स्प्रिंग परतून राहिली," मुरलीधर म्हणाले. मुठीत स्प्रिंग नव्हती.

पुढे लक्षात आलं ते असं. भांडी घासताना शैलजाबाईंनी हात पुढे केला की दांडा त्यांचं कोपर पोचायच्या आत फिरे, आणि कुठूनतरी बारीक किणकिण येई. त्यांच्या हातात तर सूज आल्यापासून बांगडी नव्हती. मुरलीधर नळाशी गेले की दांडा जड होई. टाकी कितीही भरलेली असो, सकाळपासून दोन बादल्या पाणी गेलं की नळ बंद. मुरलीधरांनी तीन दिवस मोजून पाहिलं. रोज दोन बादल्या, बादलीच्या आतल्या खुणेपर्यंत, एका चमच्याचाही फरक नाही. इतकी अचूक वस्तू त्यांनी छत्तीस वर्षांत एकदाही पास केली नव्हती. भीती वाटायला हवी होती, तिथे त्यांना आधी मत्सर वाटला.

तेवढ्यात बापूसाहेबांना मूठ दिसली. गल्लीच्या तोंडाशी खड्ड्यात नळयोजनेचा वॉल्व होता. तो उघडायला येणाऱ्या माणसाची चावी घसरायची आणि गल्लीला अर्धंच पाणी मिळायचं. "एक मोठी मूठ करा नं, भाऊ," बापूसाहेब म्हणाले. "उरलेलं पितळ असेलच त्या ताम्रकाराकडे." होतं. मोठी मूठ झाली, आणि एका सकाळी दोन निवृत्त माणसांनी कोणालाही न विचारता ती वॉल्ववर चढवली.

त्याच दिवशी दुपारी, पावणेचारला, बापूसाहेब खिडकीत बसले होते. वैशाखातली दुपार. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. त्यांनी पाहिलं ते त्यांच्याच शब्दांत सांगायला हवं, कारण नंतर त्यांनी ते फक्त मुरलीधरांनाच सांगितलं.

"दांडा फिरला, भाऊ. आपोआप नाही फिरला, हे ध्यानात घ्या. आपोआप फिरलेलं मी आयुष्यभर पाहिलं, सिग्नल तसाच पडते, धाडकन. हा फिरवल्यासारखा फिरला. अर्धा फिरून थांबला. जसं कोणी पदर सावरायला थांबते. मग पुढे."

अकराही घरांत नळांना पाणी आलं. गार. एवढं गार की भांड्यांना बाहेरून घाम फुटला. त्याला वास होता, बंद नळाचा नव्हे. चिखल, पानं आणि उन्हात तापलेला दगड यांचा. प्रत्येक घराला दोन बादल्या आल्या नि थांबल्या. आणि बोधनकरांच्या स्वयंपाकघरात, दुसरी बादली भरताना, नळ क्षणभर अडखळला, घसा खाकरल्यासारखा वाजला, आणि पातेल्यात टप्पकन एक शिंगाडा पडला. हिरवा, दोन शिंगांचा, देठाला ओलं पान.

वैशाखात शिंगाडा नसतो. मुरलीधरांनी व्हर्निअर आणला. शिंगाडा शिंगांसकट एकेचाळीस मिलिमीटर. नळाचं तोंड पंधरा. त्यांनी दोन्ही मापं तीनदा घेतली. मग पंख्याखाली बसले.

शैलजाबाईंनी शिंगाडा सोलला. "ताजा आहे," म्हणाल्या आणि अर्धा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी खाल्ला नाही. शैलजाबाईंनी दोन्ही अर्धे खाल्ले.

पाच दिवस रोज पावणेचारला पाणी आलं. सहाव्या दिवशी नोटीस आली: अनधिकृतपणे वॉल्व खोलल्याबद्दल सात दिवसांत खुलासा करावा, अन्यथा गल्लीची जोडणी तोडण्यात येईल. सातवा दिवस म्हणजे पंधरा मे. म्हणजे त्या तारखेला एकीकडून पाणी जाणार होतं आणि दुसरीकडून बायको.

पाण्याच्या ऑफिसात दीपाजी नावाच्या बाई बसत. चष्मा कपाळावर, समोर रजिस्टर. मुरलीधरांनी नम्रपणे सांगितलं की वॉल्व आपण खोलत नाही.

"तो कौन खोलता है? कॉलम छह में नाम भरिए. वाल्व खोलने वाले का नाम."

"नाम पता नहीं."

"अज्ञात लिखेंगे तो थाने जाएगी फाइल."

"मैडम, पर पानी आता कहाँ से है? उस टाइम तो सप्लाई बंद रहती है न?"

दीपाजींनी रजिस्टर उलटं-सुलटं पाहिलं. "तीन पैंतालीस पर तो टंकी में पानी रहता ही नहीं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, स्वर जरा खाली आणून, "कहाँ से आता है, इसका कॉलम नहीं है. आप छह भरिए."

मुरलीधर तिथून थेट अधारतालला गेले. वजन काहून जास्त भरलं, हे आता विचारायलाच हवं होतं.

"काय बाबूजी," रामसनेही म्हणाला. जबलपुरात हिंदी बोलणारेही क्यों ला काय म्हणतात. एरवी मुरलीधरांना त्यात माहेर भेटल्यासारखं वाटे, त्या दिवशी वाटलं नाही. "वजन तो बढ़ेगा ई. आपई ने कही थी, चूड़ी पुरानी डारियो. सो डार दईं. पूरी अठारह."

"अठारह क्या?"

"चूड़ियाँ. बेबी बुआ की."

बेबी बुआ म्हणजे रामसनेहीच्या वडिलांची थोरली बहीण. नव्वदाव्या वर्षी वारली तरी बेबीच. चेरीतालात, जिथे आता वॉल्वचा खड्डा आहे, तिथे पूर्वी सार्वजनिक नळ होता. त्याला दुपारी पावणेचारला पाणी येई. बुआला तिथे कोणी नेमलं नव्हतं. ती नुसती येऊन बसली, आणि चाळीस वर्षं बसली. प्रत्येक घराला दोन बादल्या. नंबरानं. नळ वाहता ठेवला की पेरांवर फटका. दोन्ही हातांत पितळेच्या नऊ-नऊ बांगड्या. त्या वाजल्या की बायका बादल्या घेऊन निघत.

"उनके बाद चूड़ियाँ काऊ के हाथ में टिकीं नईं," रामसनेही म्हणाला. "बहू ने पहनीं तो कस गईं. बिटिया ने पहनीं तो गिर गईं. नाप ई बदल लेती थीं. घरवाली बोली, बाबूजी खुद माँग रए हैं तो दे दो, नल के काम आएँगी तो बुआ खुस रैहैं."

मुरलीधर बसले होते तिथेच थोडे जास्त बसले. स्वतःचं माप बदलणारी मूठ त्यांना करायची होती. ती त्यांच्या आधीच झालेली होती. त्यांनी तिला फक्त दांडा लावला होता.

घरी आले तेव्हा शैलजाबाई नळापाशी स्टूल घेऊन भाजी निवडत होत्या.

"शैलजा, ही मूठ काढावी लागते."

"काहून?"

"यात एक बाई आहे." हे वाक्य आपण बोललो, यावर त्यांचाच विश्वास बसेना.

"माहीत आहे मला," शैलजाबाई मेथीचं पान खुडत म्हणाल्या. "बोलत नाही ती काही. बसते. आपण काम करत असलो नि कोणी शेजारी बसलं की कळते नं."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटली, पहिल्या दिवशी." त्यांनी जुडी खाली ठेवली. "अहो, तीन महिने मी या घरात पाणी मागून राहिली होती. तुम्ही द्यायचे, नाही नाही म्हणत मी. पण तुम्ही नळ उघडून पेपराकडे जायचे. ही जात नाही. मूठ काढायची असेल तर काढा, मी पंधराला ऋचासोबत जाते."

पाना मुरलीधरांच्या हातात होता. तो त्यांनी खिशात ठेवला. काढली तर शैलजा जाणार. ठेवली तर गल्लीचं पाणी तुटणार, आणि बिनपाण्याच्या घरात कोणी का थांबेल. बापूसाहेबांनी सल्ला दिला, "खरं नाव लिहून मोकळे व्हा. सरकारी कागदावर खरं लिहिलेलं कोणी वाचत नाही." मुरलीधर चौदा तारखेला ऑफिसात गेले आणि कॉलम सहामध्ये लिहिलं: कै. बेबी ताम्रकार.

दीपाजींनी वाचलं. "स्वर्गीय?"

"जी."

"मृतक वाल्व नहीं खोल सकता."

"खोल रही हैं, मैडम."

दीपाजींनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. हसल्या नाहीत. त्यांच्यासमोरून रोज अशी कितीतरी मेलेली माणसं कागदोपत्री चालतीबोलती जात. "तो सीधी बात है," त्या म्हणाल्या, "नामांतरण कराइए. मृतक की जगह किसी जीवित का नाम चढ़ा दीजिए. महिला है तो महिला का. फाइल बंद."

"उससे क्या होगा?"

"होगा क्या. उनकी जगह ये."

फॉर्म एकाच पानाचा होता. मृतक का नाम. मृतक के स्थान पर. मुरलीधरांच्या मनात त्या क्षणी दोनच गोष्टी होत्या, की पाणी तुटू नये आणि शैलजा जाऊ नये. त्यांनी सुबक अक्षरात लिहिलं, शैलजा मुरलीधर बोधनकर, आणि खाली आपली सही केली. तोफेच्या प्रत्येक भागावर सही करण्याआधी तीनदा तपासणाऱ्या माणसानं हा कागद एकदाही परत वाचला नाही. दीपाजींनी शिक्का मारला. भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते.

ते घरी आले तर नळ उघडाबोडका होता. मूठ ओट्यावरही नव्हती.

"पावणेचार झाले नि ती सैल झाली," शैलजाबाई म्हणाल्या. "गळून हातात आली."

त्यांनी उजवा हात वर केला. दांडा निघालेला होता. कडं मनगटावर होतं, आणि तिन्ही जबडे नेमके जिथे जिथे दुखायचं तिथे, सुजेला सांभाळून, बसले होते. कुठल्याही नळाला बसणारी मूठ. कुठल्याही मनगटाला बसते का, हे कुठल्या अर्जात विचारलेलं नव्हतं. शैलजाबाईंनी नळाच्या मुंडीला दोन बोटं लावली. नुसती लावली. महिन्यापूर्वी मुंडी परत बसवून मुरलीधरांनी पान्यानं आवळलेला तो नळ फिरला, अर्ध्यावर थांबला, तेवढ्यात त्यांनी डाव्या हातानं डोक्यावर पदर घेतला, आणि पुढे फिरला. शैलजाबाईंनी जन्मात डोक्यावर पदर घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ऋचा आली. आईनं तिच्यासमोर सातही नळ दोन-दोन बोटांनी उघडून दाखवले. ऋचा थक्क झाली, बाबांच्या गळ्यात पडली.

"तरी चल नं आई, थोडे दिवस."

"आम्हाला नाही जमणार, बेटा. पावणेचारला पाणी असते."

"आम्हाला म्हणजे? तू आणि बाबा?"

शैलजाबाईंनी मुरलीधरांकडे पाहिलं. चेहरा ओळखीचा आहे, नाव आठवत नाही, अशा वेळी माणूस बघतो तसं. "नाही," त्या म्हणाल्या. "त्यांना न्यायचं असेल तर ने."

ऋचाला वाटलं, आई मजाक करून राहिली. ती खूप हसली, आणि समाधानानं एकटीच परत गेली.

आता वॉल्वचा दांडा हलत नाही, बाकी दहा घरांचे नळ दुपारी कोरडे असतात. पावणेचारला पाणी फक्त बोधनकरांच्या स्वयंपाकघरात येतं, गार, पानांच्या वासाचं. दहा घरांच्या बादल्या व्हरांड्यातून आत ओळीत लागतात. नळापाशी स्टुलावर शैलजाबाई. कोणाशी भांडण नाही, मधे घुसणं नाही. बापूसाहेबांनी एकदा ओळख दाखवून पुढे सरकायचा प्रयत्न केला होता. त्यांची उजव्या हाताची पेरं चार दिवस निळी होती.

पहिले काही दिवस मुरलीधर घरमालकाच्या ऐटीत सरळ आत जात आणि पाण्याविना परत येत. मग एका दुपारी त्यांनी मोरीतली निळी बादली उचलली, मागच्या दारानं बाहेर पडले, पुढच्या दारानं आले आणि स्वतःच्या घरात अकरावे उभे राहिले. ओळ हळूहळू सरकली. बापूसाहेब भरून गेले. त्यांचा नंबर आला.

शैलजाबाईंनी मान वर केली. पदराखालचे डोळे शांत होते.

"किस घर से हो, भैया?"

मागे कोणी नव्हतं. मुरलीधरांनी घसा खाकरला. आजवर न म्हटलेले दोन शब्द आत कुठेतरी होते, पण विचारलं ते वेगळंच होतं, आणि तपासणी विभागातला माणूस विचारल्याचंच उत्तर देतो.

"याच," ते म्हणाले. "याच घरातला आहे मी."

शैलजाबाईंनी यावर थोडा विचार केला. मग बादली ओढून नळाखाली घेतली. मनगट किणकिणलं. पाणी खुणेला लागलं, नळ बंद व्हायला निघाला, आणि दांडा नसलेल्या त्या मुंडीवर दोन बोटं तशीच राहिली. आणखी थोडं पाणी आलं. मग खट्.

मुरलीधर बादली उचलून, डचमळू न देता, अडगळीच्या खोलीत घेऊन गेले. दार लावलं. फूटपट्टी काढून त्यांनी खुणेपासून पाण्याच्या रेषेपर्यंत माप घेतलं, तीनदा.

छत्तीस मिलिमीटर जास्त होतं.